उष्टं

चौथा दिवस. ती ग्रीनफिंच पुन्हा तिथंच,
लाकडी ताटलीच्या काठावर,
पिसं फुगवून, ऑगस्टच्या उन्हातही
हुडहुडी भरल्यासारखी.
मी दार उघडलं तरी उडाली नाही.
मला वाटलं, ओळख पटली.
किती बरं वाटलं होतं मला.

मग चष्मा लावून बघितलं.
चोच ओली, गळ्याखालची पिसं चिकटलेली.
सूर्यफुलाचं बी उचलायची,
चघळायची, चघळत राहायची
आणि तसंच परत ताटलीत टाकायची.

घास घशाखाली उतरत नव्हता.
हे वाक्य मी आजवर माणसांबद्दलच बोलले,
कोणी गेलं की, कोणी रुसून बसलं की.
त्या वाक्यातल्या घशाला खरोखरीची सूज येते
हे केटरिंगमध्ये, मागच्या अंगणात,
मूठभर पाखराकडून कळलं.

कुंपणापलीकडून मॉरीन म्हणाली,
"उतरव ते सगळं. आजच."
तीस वर्षं टपालात काढलीत तिनं,
वाईट बातमी लिफाफा न फोडता ओळखते.
"एकीनं टाकलेलं दुसरी उचलते,
तसंच पसरतं. पाण्यातूनसुद्धा."

म्हणजे उष्टं.
मॉरीनला हा शब्द सांगता येईना.
तिच्या भाषेत अन्न उरतं, सांडतं, शिळं होतं,
त्याला तोंड लागत नाही.
आईनं पेला वरून प्यायला शिकवलं होतं,
ओठ न टेकवता, नाकात पाणी जाईपर्यंत.
इथं आले त्या पहिल्याच वर्षी मी
ज्याच्या त्याच्या बाटलीला तोंड लावून
त्या नियमाचा सूड घेतला.
हसू नकोस, आई.

तर, रबरी हातमोजे. बाहेरचा नळ.
पद्माकरचा जुना टूथब्रश,
दांड्यावर मार्करनं 'पक्षी' लिहिलेला,
कारण तो काहीही उचलून दात घासतो.
जाळीच्या नळ्या सुट्या केल्या.
तळाशी भिजक्या बियांचा काळा लगदा,
बोटभर, आंबूस.
अकरा वर्षं अन्नछत्र चालवते म्हणून मिरवत होते,
तळ कधी खरवडला नव्हता.

जंतुनाशक, पाणी, पुन्हा पाणी.
सगळं पालथं घातलं भिंतीशी,
वाळेपर्यंत. आणि वाळल्यावरही
शेडमध्ये, कुलपात.

ती शनिवारी सापडली, कुंड्यांच्या मागे.
पिशवी उलटी करून हातात घातली,
हात न लावता उचलली.
"साध्या तिकिटात गेली असती," मॉरीन म्हणाली,
आणि मग बराच वेळ तिनं
आपल्या वाटाण्याच्या वेलाकडे बघितलं.

मे महिन्यात त्याच फांदीवर
नर तिला भरवत होता.
ती पंख थरथरवून चोच उघडायची,
तो गळ्यातून काढून द्यायचा.
मी पद्माकरला ओढत आणलं होतं खिडकीशी:
बघ, असा भरवतात घास.
नाहीतर तू. उखाणा अर्ध्यात विसरलास
आणि निम्मी जिलबी माझ्या शालूवर.
तीच ती दोघं होती का, माहीत नाही.
त्या घासात काय होतं, तेही नाही.

आता आकडा रिकामा लोंबतो.
दोन टिट येऊन त्याला उलटे लटकतात,
एकमेकांकडे बघतात,
आणि मी पडद्यामागे उभी,
पाहुणे आले नि चूल थंड, अशी.
हेजमध्ये ब्लॅकबेरी पिकल्यात, काटेरी झुडपांना बी धरलंय,
उपाशी मरणार नाहीत. माहीत आहे मला.
पंगत मोडली की वाचतील. हेही.
तरी अकरा वर्षांचा हात
सकाळी सातला डब्याकडे जातोच.

पद्माकरनं चहा आणला.
एकच कप, नेहमीसारखा,
वाटेत दोन घोट घेतलेला.
काठावर त्याच्या ओठांची ओल.
मी बघत राहिले.
"काय झालं?"
काही नाही, म्हटलं,
आणि प्यायले.