चिठ्ठी क्रमांक एक

पाचपावलीची मनपा शाळा, खोली सात.
यंत्र टेबलावर ठेवलं, मोहरा मोजल्या,
तेव्हा दिसलं, फळा पुसायचा राहिलाय.
गुरुवारच्या तासाचं रोम तसंच होतं तिथं:
वर घोडेस्वार, अठरा गट.
खाली पहिला वर्ग, ऐंशी गट.
मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, खडू झिजत गेलेला,
आणि अगदी तळाला, फळ्याच्या चौकटीला टेकून,
ज्यांच्याकडे मोजण्यासारखं पोरांशिवाय काही नाही
त्या सगळ्यांचा मिळून एक.
एकूण एकशे त्र्याण्णव. गटाला एक मत.
गुलामांना जागा उरली नव्हती, बायांनाही.
ते मी तोंडी सांगितलं होतं.

"झाका ते," झोनल अधिकारी म्हणाले, "उद्या मतदार येतील."
वर्तमानपत्र चालेना, पानोपानी उमेदवार हसत होते.
शेवटी रात्री अंथरायला आणलेली चादर टांगली
आणि मी बाकांवर तसाच पडलो, डासांच्या हवाली.

सकाळी सातला रांग लागली,
सावली जिथं वळली तिथं वळलेली.
तिन्ही पक्षांच्या एजंटांनी
एकाच कागदावर तर्री-पोहे खाल्ले.
कूलर फिरायचा, चादर फुगायची,
मधूनच रोम डोकवायचं.

हर्षाली उकेनं त्या तासाला विचारलं होतं,
"सर, अठरा आन् ऐंशी म्हंजे अठ्ठ्याण्णव.
मंग तिथंच झालं न जी बहुमत?"
झालं, म्हटलं. वरचे एकमतानं बोलले की मतदान थांबायचं.
खालच्यांना बहुतेकदा हाकच जायची नाही.
"कर्णा तं सगळ्यायसाठी वाजवत होते ना?
मंग ते उन्हात काहून उभे रायत?"
घंटा वाजली. मला बरं वाटलं.

दुपारी दीडला दालमिलवाले शेठ आले,
गाडीतला गारवा अंगावर घेऊनच.
पुढं त्यांच्याच मिलमधली गेंदाबाई, चाळणीवरची.
तिनं सवयीनं जागा सोडली.
बाई, तिथंच राहा, मी म्हटलं.
राहिली. पण भिंतीला एवढी चिकटून
की रांगेत ती आहे की तिचा पोपडा, कळेना.
शेठ बिचारे सभ्य. थांबले. रुमालानं मान पुसली.
सोमवारी ती चाळणीवर असेल, ते गादीवर,
हे तिघांनाही ठाऊक होतं.

सहा वाजले. फाटक लावलं.
आत अजून सदतीस माणसं.
नियम असा की आत आहे तो मत देईल,
आणि चिठ्ठ्या वाटायच्या त्या शेपटाकडून,
सही करून पहिली चिठ्ठी शेवटच्याला.
मागून कुणी घुसू नये, एवढंच कारण.
त्यात थोर काही नाही.

शेवटचा होता चिंधू नंदेश्वर,
कळमन्याच्या संत्रा बाजारातला हमाल,
मानेवर पेटीच्या कडेचा जुना वण.
त्यानं कागद उलटसुलट केला.
"चुकलं वाटते सर. एक नंबर हाय यावर.
मी तं शेवटचा हाव."
म्हणून तर, म्हटलं.
पुढच्यांनी वळून पाहिलं. तो लाजला.

त्याला अजून सव्वा तास लागला.
आत आला तेव्हा चादरीची एक गाठ सुटली होती,
फळ्याचा तळ तेवढा उघडा.
तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.
डाव्या तर्जनीचं नख इतकं झिजलेलं
की शाई कातडीवरच पसरली.
त्यानं बटण दाबलं. यंत्र ओरडलं,
कर्ण्यासारखं मुळीच नाही,
दूध उतू गेल्यावर कुणी हाक मारावी तसं.

चिठ्ठी परत घ्यायची असते.
त्यानं ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती,
वरून हात दाबून.
मी मागितली नाही.

रात्री साडेबाराला सामान जमा करताना
बाबूनं चिठ्ठ्या मोजल्या. छत्तीस.
पुन्हा मोजल्या.
"एक नंबर कुठं गेला, मास्तर?"
गहाळ, मी लिहिलं. खाली सही केली.
उद्या सुट्टी. परवा सातवीचा तास,
आणि ती पोरगी पहिल्या बाकावर बसते.