गढूळ

पौषात मरळ चिखलात रुतून बसते,
उगाच काठी झिजवू नये,
सासरे ॲक्टिव्हावर मागे बसून
माझ्या हेल्मेटवर ओरडून सांगतात.
तरी निघालोय.
सूस रस्त्याला वळलं की त्यांना वासावरून कळतं
तळं किती लांब राहिलं.

गुलाबसिंग परदेशी, फिटर,
खडकीचा दारूगोळा कारखाना, तेहतीस वर्षं.
एका थाऊचा फरक अंगठ्याखाली ओळखायचे.
आता चहाचा कप चाचपून शोधतात
आणि मी पुढे सरकवला तर चिडतात.

तळं छातीभर, कडेला गुडघाभर.
बाकी सगळा गाळ.
पाणी असं, की आत घातलेला स्वतःचा हात
मनगटापासून पुढे नाही.
एवढ्या गढुळात माशाला तरी काय दिसणार, मी म्हटलं.
त्यांनी पिशवीतून चमचा काढला,
कापलेला, घासलेला, शेपटाला आकडा.
माझ्या लग्नात आलेल्या डझनातले
आता नऊ उरलेत.
दिसत नाही गं, म्हणाले, ऐकू येतं त्याला. अंगावर ऐकतो तो.
हा खुळखुळला पाहिजे.

फाल्गुनात ऊन तापलं
आणि जलपर्णीच्या फटीतून
कोणीतरी ओठ उघडून श्वास घेतला. पुच्.
ते तिकडे वळले, मी उशिरा.
तंगूस माझ्या तर्जनीवरून घेतला त्यांनी.
डोळे मीट.
हे काय?
मूळ.
हे?
कॅरीबॅग.
आणि हे?
मला सांगता येईना. पाण्याखाली कोणी
कडी न वाजवता दार ढकलून बघावं, तसं.
ओढ की! ते ओरडले,
आणि पलीकडच्या काठावरचे दोन पोरगे हसले,
कारण मी काठीसकट बसले चिखलात.
दीड किलोची होती. काळी, चिडलेली,
स्कूटरच्या डिकीत घरापर्यंत धडका मारत आली.

वैशाखात दोन्ही डोळे झाले. आधी उजवा, मग डावा.
हिरव्या पट्टीतून बाहेर आल्यावर पहिलं वाक्य:
तू एवढी वाळलीस कधी?

ज्येष्ठात तळ्यावर नेलं.
उतरले, काळा चष्मा कपाळावर चढवला
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
फेस. थर्माकोल. फुगलेली एक चप्पल.
नाल्याच्या तोंडाशी दुधी, जाड काहीतरी.
हे असंच होतं?
असंच, मी म्हटलं.
मी इतकी वर्षं यातलं खात होतो?
आम्हीपण, मी म्हटलं.

मग कडेच्या गवताशी
पाण्याला लाल पुरळ उठल्यासारखं दिसलं.
हजार पिल्लं, मुठीएवढा गोळा,
एकदम वर, एकदम खाली,
आणि त्याच्या बुडाशी दोन काळ्या सावल्या,
कुठेही न जाणाऱ्या.
एक चमचा टाकला असता
तर दोन्ही धावून आल्या असत्या, भुकेनं नव्हे.
त्यांनी काठीची चूड उतरवली,
तंगूस गुंडाळला, पिशवीला गाठ मारली.
आता दिवाळीच्या आसपास, म्हणाले.
हे त्यांना डोळे येण्याआधीपासून ठाऊक होतं.

आश्विन. पाणी पुन्हा भरलेलं, पुन्हा मातीचं.
सासरे काठी धरतात, पण नजर भिरभिरते,
बगळ्यावर, नव्या इमारतीच्या क्रेनवर,
कोणीतरी वाळत घातलेल्या पिवळ्या चादरीवर.
तीनदा गेला मासा.
चौथ्यांदा तंगूस थरथरला,
त्यांनी बोटाकडे पाहिलं,
बोट नुसतं बोटासारखं दिसत होतं.
मग काठी माझ्याकडे दिली, जरा घाईनं,
चष्मा पुसायचाय म्हणून.

बघ गं, काय आहे?

मी डोळे मिटले.
थांबा, म्हटलं.
अजून दार ढकलतोय.