चारनंतर

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना बंद पडला,
तेव्हा भिंतींतल्या बुचाच्या थरासाठी मी तो भाड्याने घेतला.
टाळी वाजवली तर जागच्या जागी मरायची.

तीस वर्षं पोरांचा आरडाओरडा रिळांवर घेतला.
खाऱ्या हवेनं जॅक हिरवे पडत, स्पिरिटनं पुसायचो.
गिटारमागं ट्रॉलरचं इंजिन घुसायचं;
टेकची वेळ भरती बघून ठरे.
कॅसेटवर माझं नाव मुंगीएवढं,
तेही चुकीचं.

पास्कू ड्रमर आता कुवेतला, क्रेनवर.
गाण्याआधीची त्याची मोजणी मी दर वेळी कापायचो,
तुकडे खिळ्याला लटकत राहिले.
काल एक लावला:
एक, दोन, तीन, चार

आणि पुढं काहीच नाही.
मी तरी फेडर वर ढकलला.