पायाळू

सोहारच्या या दवाखान्यात भिंतीवर
सहा पिवळे चेहरे आहेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
दुखतं तितक्यावर बोट ठेवायचं.

लवू घवाळी बोट ठेवत नाही.
"मचानावरून वाकलो नि भरली," म्हणतो, "उसण."

डॉक्टर हिशाम माझ्याकडे बघतात.
मी बसते रिसेप्शनवर, पण गुहागर-दापोलीकडचा कुणी आला
की फायलीबरोबर मलाही आत नेतात.

मसल पेन, मी सांगते,
आणि सांगतानाच कळतं, निम्मं सांडलं.
शार्प की डल, ते विचारतात.
शार्प म्हणजे सणक, की चमक, की कळ?
डल म्हणजे ठणका, ठसठस,
की रग लागल्यासारखं, की नुसतंच अवघडलेलं?
फॉर्मवर चौकोन दोनच.

दहापैकी किती?
लवू हिशेब घालतो.
पाचाच्या वर गेलं तर अनफिट, आणि हातात परतीचं तिकीट.
तिनाच्या खाली, तर ना गोळी ना रजा.
"चार लिवा," म्हणतो.
एसीतही त्याच्या कपाळावर घाम.

मग हळूच, मला एकटीला,
"बाय, हितं कोन पायाळू हाय का?
गावाला चुलती हाय माजी. दोनदा भरली व्हती,
तिनं पाय लावला नि न्याहारीच्या आत मोकळा.
हितं तेरा दिस झाले."

काय म्हणतो, डॉक्टर विचारतात.
घरची आठवण काढतोय, मी म्हणते.
ते कोपऱ्यात लिहितात, होमसिक,
पुढे प्रश्नचिन्ह.

मी पायाळू आहे.
आधी पाय आले, मग तू, आई सांगायची.
वीज कडाडली की मला अंगणात सोडत नसत.
सकाळी सकाळी शेजारची बाप्ये माणसं
आमच्या ओटीवर पालथी पडत,
आणि आठ वर्षांची मी, डाव्या पायाने,
हलकेच. मग मुठीत गूळ-खोबरं.

बारा वर्षांत इथे कुणाला बोलले नाही.
व्हिसाच्या कुठल्या रकान्यात बसवणार?
पायात काळे बंद बूट.
दारात मरिसेल सिस्टर, पडद्यापलीकडे रांग.

"नाही हो," म्हटलं, "इथे कुठलं कोण."

"ऱ्हायलं." मलमाची ट्यूब खिशात घालत तो उठला.
"पन तुमाला उसण कळली.
मागच्या खेपेला नुसता हात लावून दावत व्हतो."
बसकडे जाताना जरा सरळ चालला,
निदान मला तसं वाटलं.

रात्री बूट काढले तर डावा पाय ठणकत होता.
बाम लावू का, यांनी विचारलं. नको म्हटलं.
दिवा घालवून स्वयंपाकघरात उभी राहिले,
टाच फरशीपासून चार बोटं वर,
खाली कुणी पालथं पडलेलं असावं अशी,
धरवेल तितका वेळ.