पाचला पाच कमी

पाचला पाच कमी असताना लुंगिसाची व्हॅन
कंटेनरमधल्या सलूनपाशी येऊन दोनदा हॉर्न देते.
तिसरा देत नाही. तिसऱ्यापर्यंत ती वळलेली असते.
म्हणून योनेला रात्रीच मोजे घालून झोपते.
ही युक्ती तिची तिनंच काढली.
मी फक्त अंधारात तिच्या केसांवरून हात फिरवते,
म्हणते, ऊठ गं, डोंगर लांब आहे.

पंधरा जणांच्या गाडीत एकवीस पोरं.
तिची जागा चाकावरची, गुडघे हनुवटीला.
पैसे एक तारखेला, रोख,
सुट्टीच्या महिन्यातसुद्धा अर्धे.
मी भांडून पाहिलं. लुंगिसा म्हणाला,
ताई, हप्त्याला सुट्टी नसते.

आमच्या खायेलित्शातून टेबल माउंटन दिसतो
तो एवढासा, निळा,
वरून सुरीनं सपाट कापल्यासारखा.
दुरून डोंगर साजरे.
पण ही रोज त्याच्या पायाशी जाते
आणि येऊन सांगते, आई, जवळून तो निळा नाहीच.
जवळून तो ओला असतो, त्याला वास येतो,
आणि हिवाळ्यात तीन वाजताच
तो आमच्या मैदानावर येऊन बसतो.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता:
घरापासूनचं अंतर.
मी लिहिलं, सव्वीस किलोमीटर.
बाईंचं पेन तिथं थांबलं.
झेपेल ना तिला, त्या म्हणाल्या.
त्या पैशाचं विचारत नव्हत्या.
मी मात्र म्हणाले, फी वेळेवर भरीन.

शेजारची नोसाखेले म्हणते, इथली शाळा काय वाईट आहे?
इथल्याच शाळेत आपण शिकलो.
खरं आहे. बावन्न जणींचा वर्ग होता,
एका बाकावर चौघी,
आणि पाढे अजून झोपेत विचारले तरी येतात.
मी नोसाखेलेला चहा देते. दुसरं काही देता येत नाही.

जूनमध्ये टॅक्सीवाल्यांचा संप झाला.
सकाळी गाड्या होत्या, दुपारी नव्हत्या.
कुणी म्हणालं, हायवेवर टायर जळतायत.
लुंगिसाचा फोन बंद.
मी विनबर्गच्या लाँड्रीतून चालत निघाले,
पायात कामावरचे रबरी बूट,
दीड तास, पाऊस तिरका.
योनेला वॉचमन अडोनिसच्या केबिनमध्ये होती,
त्याच्या हीटरशी पाय, त्याच्या डब्यातला अर्धा पाय तिच्या हातात,
गृहपाठ पूर्ण.
मला बघून म्हणाली, तू चालत आलीस?
जणू चालणं ही तिच्याकडून लपवलेली गोष्ट होती.

घरी जायला काहीच नव्हतं.
आम्ही उलट्या लाँड्रीत आलो.
रात्रपाळीच्या फोरमननं काणाडोळा केला.
ड्रायरच्या मागं, हॉटेलांच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर
आम्ही दोघी झोपलो. चादरी अजून गरम होत्या.
मध्यरात्री कधीतरी तिनं मोजे काढून फेकले.

मी तिला उठवलं नाही.
ती आपली आपण उठली, सव्वासहाला,
उंच खिडकीत उजेड फुटत होता.
डोळे चोळत कितीतरी वेळ बसून राहिली.
मग दात घासले, सावकाश. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.
मशीनच्या काचेत स्वतःला पाहून घेतलं.
तरी शाळेला वेळ होता.
आई, ती म्हणाली,
सकाळ एवढी मोठी असते?

मी इस्त्रीच्या टेबलावर चहा ठेवला
आणि साखर शोधायला गेले.

संप तिसऱ्या दिवशी मिटला.
घरी आल्यावर तिनं काही विचारलं नाही.
भात खाल्ला, दप्तर भरलं,
मोज्यांची जोडी शोधली. एक सापडला, दुसरा लाँड्रीत राहिलेला.
एक निळा, एक राखाडी घातला
आणि पांघरुणात शिरली.
मी गजर लावला, दोनदा तपासला.