तीन हात नाका

बावीस वर्षं मी बसची दोरी ओढली.
एक ठोका, थांब. दोन ठोके, चल.
ते डाव्या हाताचं काम. उजव्यात पैसे नि तिकिटं.
आणि अचानक ब्रेक लागला की दांडा धरायला
जो हात लागतो, तो कुणाचा?
तीन हात नाका आला की म्हणून हसू यायचं मला.
ड्रायव्हर तांडेल आरशातून विचारायचा, काय झालं?
काही नाही म्हणायचे, आणि दोन ठोके.

दिवाळीच्या सुमारास पाठीमागचा हूक लागेना.
पुढे लावून फिरवून घेतला,
चार दिवस, मग चार महिने.
वेणी आखूड केली.
डाव्या कुशीवर वळले की रात्र संपायची.
दुखत होतं कोपरात,
म्हणून कोपराला मिठाची पुरचुंडी,
कोपराला बाम, कोपराला किसन नगरातला पट्टा,
शेजारच्या शेवंताबाईंचं लसणीचं तेल. कोपरालाच.

कळव्याच्या दवाखान्यात डॉक्टर पेंढारकर,
माझ्या थोरलीच्या वयाची.
कुठे दुखतं? कोपरात.
तिनं कोपर एकदा दाबलं, आणि सोडून दिलं.
मान वळवायला लावली.
हात वर. बाजूने वर. आता अंगठा खाली करा,
डब्यातलं पाणी ओतताय असं समजा,
मी दाबते, तुम्ही पडू देऊ नका.
पडला.
मी पाडला नव्हता.

तेव्हा कळलं, ही तर माझ्याच धंद्यातली.
दुखण्याला विचारतेय, कुठून बसलात?
आणि दुखणं, पक्कं फुकटं,
खांद्याला चढून
कोपराचं तिकीट दाखवतंय.

एक्स-रे साफ निघाला. सोनोग्राफीत सापडलं.
दोरी उसवलीय, म्हणाली, तुटलेली नाही.
मी विचारलं, कुठली?
मग दोघी हसलो, आणि हसताना खांदा दुखला.
साखर कधी तपासली होती?
कधीच नाही.
दोनशे अठरा.
ही पण कुरतडते दोऱ्या, म्हणाली, आतून, आवाज न करता.
सुरी बहुतेक नाही. इंजेक्शन लागलं तर बघू.
आधी व्यायाम. तीन महिने घंटी बंद.

व्यायामाला रईस मुकादम, कौशाचा पोरगा.
टेबलावर ओणवं व्हायचं, हात सोडून द्यायचा,
हवेत भाकरीएवढं वर्तुळ.
मग भिंतीवर बोटं चढवायची, मुंग्यांसारखी,
पोचतील तिथं पेन्सिलची रेघ आणि तारीख.
मावशी, खांदा कानाला लावून फसवू नका,
मला रोज दहा जण फसवतात.
म्हटलं, बाळा, मला बावीस वर्षं.

नऊ जानेवारी: दिव्याच्या बटणाखाली.
वीस: बटण.
एकतीस: पुन्हा बटणाखाली. (लग्नात पाट उचलले.)
चौदा फेब्रुवारी: कॅलेंडरचा खिळा
चार बोटांवर.

हलकं काम म्हणून वागळे डेपोत बसवलंय,
हरवलेल्या वस्तूंच्या कपाटापाशी.
छत्र्या, डबे, एक हार्मोनियमचा भाता,
आणि एक कुबडी.
ती विसरून कुणी उतरलंच कसं,
हा विचार मी दुपारी चहा पिताना करते.
चिठ्ठी लावून ठेवलीय. कुणी आलेलं नाही.

परवा घरी जाताना बसमध्ये उभी होते, प्रवासी म्हणून.
नाका आला. नवी कंडक्टर पोरगी मागे सुट्ट्या पैशांत अडकलेली.
माझा हात आपसूक वर गेला,
आणि दोरीच्या वीतभर खाली थांबला.
तिथे दुखतही नव्हतं. नुसता थांबला.
शेजारच्या कॉलेजातल्या मुलाचा हात
माझ्या डोक्यावरून आला
आणि एक ठोका.

प्रवाशांनी दोरी ओढायची नसते.
यावरून मी किती जणांवर ओरडलेय.
खाली उतरले, दुसऱ्या हातानं पिशवी सावरली,
आणि हसायला लागले भर रस्त्यात.
विचारायला तांडेल नव्हता.