डोळा भरणे

लग्नानंतर चौथ्या दिवशी
सगळे दर्शनाला निघायच्या गडबडीत,
आणि सासरे मला मागच्या दारी घेऊन गेले.
हातात चाकू दिला, सुतळी दिली.
"ये, डोळा भरायला शिकवतो."

टिळकनगर, तळमजला.
खिडकीपासून कंपाउंडपर्यंत नऊ फूट जमीन,
तीही गटाराच्या झाकणासकट.
गावठी गुलाबाची फांदी त्यांनी धरली,
एखाद्या पोराची नखं कापायला धरावी तशी.
"साल उभी चीर. वर एक आडवी रेघ.
डोळा झोपलेला घ्यायचा, फुगलेला नाही.
काढला की हवा लागायच्या आत बसव.
आणि बांधताना त्याच्यावरून सुतळी नको,
बघू दे त्याला."

माझा मेंदीचा हात थरथरला.
तो डोळा आठ दिवसांत काळा पडला.
भाई काही बोलले नाहीत.
पुढच्या रविवारी तोच चाकू, तीच फांदी,
फक्त बोटभर खाली.

टांकसाळीत छत्तीस वर्षं
वजनाला कमी भरलेली नाणी बाजूला काढायचं काम.
घरात मात्र कमी भरलेलं काहीच टाकलं नाही त्यांनी:
वाकडी काकडी, बिनकामाचा धाकटा भाऊ,
दहावीला तीनदा बसलेला माझा नवरा.

चोर होते पण.
राणीच्या बागेतून, लग्नाच्या हॉलमधून,
एकदा तर दातांच्या डॉक्टरकडून
रुमालात गुंडाळलेली फांदी,
आणि गाल सुजलेला.
"मागितलेलं रोप रुसतं, चोरलेलं लागतं."
सासूबाई खिसे चाचपूनच शर्ट भिजवायच्या.

हापूसच्या कोयीला बावीस वर्षं झाली, मोहोर नाही.
सोसायटीची नोटीस आली, मुळांनी टाकीला तडा गेला म्हणून.
भाईंनी सविनय उत्तर लिहिलं, मुदत मागितली.
खाली सही: आंबा, तळमजला.

बँकेच्या जुन्या डायरीत त्यांची नोंद:
"११ जुलै. नात झाली. दोन किलो सहाशे. दोघी ठीक.
सोनटक्क्याला पाच फुलं."
"२ डिसेंबर. सुलभाशी भांडण. चूक माझी.
तोंडलीवर मावा. राख मारली."
"३ डिसेंबर. सुलभा बोलली.
मावा आहेच."

मार्चमध्ये गेले, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी.
फॉर्म त्यांनीच भरून ठेवला होता, त्या डायरीतच,
कढीपत्त्याला ताक किती घालायचं त्या पानाला टाचून.
मी नेत्रपेढीला फोन लावला.
पलीकडची मुलगी म्हणाली,
"पंखा बंद करा. पापण्या मिटा.
वर ओला कापूस ठेवा, आम्ही निघतोच."
पंखा थांबला.
माझा हात या खेपेला थरथरला नाही.
हवा लागायच्या आत.

दोन माणसं आली, एक छोटा डबा.
पंधरा-वीस मिनिटं दार लोटलेलं.
जाताना त्यांची चप्पल अंधारात
अबोलीच्या कुंडीला अडखळली,
आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो, "सांभाळून!"
त्या रात्रीचा घरातला पहिला मोठा आवाज तोच.

नंतर आभाराचं पत्र आलं.
कुणाला बसवले ते सांगत नाहीत म्हणे.
सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं,
चष्मा काढून पदराला पुसला.
बाहेर नळी तशीच चालू,
अळूच्या वाफ्यात पाण्याचं तळं.

"कुठे लावलेत कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.
"पाणी घालत असतील ना वेळेवर?"

म्हटलं, थेंब असतात, आई.
दिवसातून चार-पाच वेळा घालावे लागतात.

"मग ठीक,"
म्हणाल्या, आणि नळ बंद करायला उठल्या.